तहानेली मोटर

दुपारी बाराला लाईट आली की वालूरच्या त्या आळीत घराघरातून मोटरी घुमू लागत. दत्तरावाची मोटर मात्र घुमायच्या आधी पाणी मागायची. पाणी द्यायला आणलेली मोटर, आणि तिलाच आधी पाजायचं! वरचं बूच उघडायचं, नरसाळं लावायचं, आडातून हातानं शेंदलेलं पाणी तिच्या घशात ओतायचं. मग मनात आलं तर ती न्हाणीवरच्या टाकीत पाणी चढवणार. नाहीतर प्यायची आणि नुसतीच गुरगुरायची.

शेंदायचं कुणी? सुलानं. सातवा लागलेल्या सुनेनं. तिचा नवरा बन्सीधर गंगाखेडच्या साखर कारखान्यावर, सीझन सरल्याशिवाय काही येत नव्हता. महिनाभर भाकरी थापताना सासूच्या, झुंबरबाईच्या, ओठात तेच ते घोळत होतं:

आड बाई भरलेला, मोटर तहानेली
माझ्या दारीची गं वेल, घागरीनं वाकली

त्या दिवशी झुंबरबाई गिरणीतून पीठ घेऊन आली, तर सुला आडावर वाकलेली. मोटर बसवताना दत्तरावानं रहाट काढून टाकलेला. दोर नुसता हातावर. वर ऊन डोक्यावर, ऐन बाराचा ठोका. या वेळी पाण्यातल्या साती बहिणी, आसरा, वर येऊन बसतात. पोटुशीनं आडात डोकावू नये, असं झुंबरबाईच्या मायनं सांगितलेलं, मायच्या मायनं सांगितलेलं. तेवढ्यात शेवाळावरून सुलाचा पाय सरकला.

पिठाचा डबा कुठं पडला ते झुंबरबाईला कळलं नाही. तिनं सुनेचा दंड धरून तिला मागं ओढलं. घागर दोरासकट आत गेली, भिंतींवर आपटत, मग धप्प.

"आत्याबाई, मी पडत न्हवते..."

"गप! एक शबुद काढू नको." सुलाला लिंबाखाली बसवून झुंबरबाई तशीच निघाली. अंगभर पीठ, पदर कमरेला.

विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदामुळं दोन दिवस एसटी आली नव्हती, म्हणून थांब्यावरच्या हॉटेलात रिकाम्या माणसांची गर्दी. बायका तिथं कधी जात नसत. झुंबरबाई थेट नवऱ्याच्या बाकड्यासमोर उभी राहिली.

"बशी खाली ठेवा."

"अगं, गाव बघायलंय," दत्तराव कुजबुजला.

"बघू द्या! माझी सून आडात जायली आन् तुमी च्या प्यायलाव!"

शेजारी दत्तरावाचा चुलतभाऊ आश्रुबा बसलेला. त्याला चेष्टेशिवाय घास उतरत नसे. "वैनी, सून आडात, दादा कपात. सगळं घर पाण्यातच की!"

"दात आत घे, आश्रुबा. मोटरीतलं कळतंय म्हणून मिरवतोस ना? चल मग."

दोघं तिच्या मागून आले. वाटेत कुणी हसलं नाही, तिच्या चालीकडं बघूनच.

आडावर येताच दत्तरावानं महिनाभराचं पालुपद धरलं. "होल्टेज न्हाई. लाईटच मरतुकडी, मोटर काय करंल?"

आश्रुबानं शेजारून दोरासकट मागून आणलेली भरली घागर नरसाळ्यात ओतली आणि पायपाला कान लावला. "दादा, मोटर गुणाची हाय. पाणी खाली पळायलंय. फुटबॉल गळतंय."

पायपाच्या बुडाला, पाण्याखाली जे लोखंडी बोंड असतं त्याला गावात सगळे फुटबॉलच म्हणत. त्याच्या आतली चामड्याची झडप पाण्याला वर येऊ देते, माघारी फिरू देत नाही.

"महिना झाला मी बोंबलायले, वर काढून बघा म्हणून!"

"काढणं म्हंजी पोरखेळ हाय का?"

"आन् शेंदणं पोरखेळ हाय? सात महिन्याचं पोट घिऊन?"

दत्तरावानं चपला काढल्या, काठावर पाय रोवले, आणि दोघांनी काळा प्लास्टिकचा पाईप हात-हात वर घेतला. आश्रुबानं फुटबॉल उघडून बोट घातलं. झडपेखालून हिरवा काचेचा तुकडा निघाला. बांगडीचा.

"आसरांना वाहिलेला चुडा हाय हा," झुंबरबाईच्या तोंडून निघून गेलं. सुलाला सहावा लागला तेव्हा झुंबरबाईनं पहाटे कुणाला न सांगता आडात आसरांना हिरवा चुडा वाहिला होता. पोरीला सांभाळा, म्हणून.

दत्तराव आधी हसला, मग पेटला. "घ्या! आसरांना चुडा भरायला गेली आन् मोटरीचा गळा चिरला! महिनाभर माझ्या नावानं शंख, आन् खोड हिचीच!"

जिला जपायला चुडा वाहिला, तिलाच त्या चुड्यानं काठावर आणून उभं केलं. राग उलटून झुंबरबाईच्याच काळजात शिरला. पण तिथं तो मावेना, दुप्पट होऊन बाहेर आला.

"व्हय, माझीच खोड! पण ती महिनाभर तिथं पडली व्हती, दोन हात लावले की निघाली. तुमी हात लावले न्हाईत. का? तर शेंदणारी घरात हाय म्हणून!"

"बरं बरं. झडप कापली गेलीय. नवी सेलूला मिळंल. एसटी सुरू झाली की आणतो. तवर चालू द्या हाय तसं."

हाय तसं. झुंबरबाई वाकली. काठावर दत्तरावाची चप्पल होती, रुंद पट्ट्याची, नवी, चालताना करकर वाजणारी. तिनं एक उचलली.

"आश्रुबा, इळा घे. पट्टा काप."

"वैनी, मागच्या बाजारातून आणलेली हाय ती..."

"काप!"

"पायताण?" दत्तराव किंचाळला. "प्यायच्या पाण्यात? आसरा कोपतील, तूच म्हणतीस ना?"

"आधीचं चामडं काय तुळशीचं व्हतं? आसरांचं मी बघते. बायाच हायेत त्या, त्यास्नी कळतं. तुमचं तुमी बघा."

आश्रुबानं जुनी झडप पट्ट्यावर ठेवून तिच्या मापानं चामडं कापलं, भिजवून मऊ केलं, बसवलं. पाईप पुन्हा पाण्यात गेला. "आता शेंदायचं कुणी?" त्यानं विचारलं, आणि लगेच दुसरीकडं बघू लागला.

झुंबरबाईनं शेजारचा दोर आणि घागर नवऱ्यापुढं ठेवली. दत्तराव एका पायात चप्पल, एक पाय उघडा, असा काठावर वाकला. शेंदलं. ओतलं. परत शेंदलं. नरसाळ्यात पाणी काठोकाठ आलं आणि तिथंच उभं राहिलं. आश्रुबानं बूच आवळून बटण दाबलं. मोटर गुरगुरली, घुमली, आणि टाकीत पाण्याची धार धडधडू लागली.

त्या आवाजानं सुला हसली, आणि टाकीचा उघडा राहिलेला कॉक बंद करायला लिंबाखालून उठू लागली.

"बस तिथं!" झुंबरबाई कडाडली. लिंबावरच्या चिमण्या उडाल्या.

सुला बसली. हातात दोर तसाच धरून, दत्तरावही खाली बसला.