बिनसावलीचे महाराज

भूमहून वाशीला जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या माळावर त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. मे महिन्याचं ऊन, माणसं नुसती भाजून निघत होती, पण मांडवातून एकजण हलेल तर शपथ. भर दुपारी निरंजन महाराजांची सावली नाहीशी होणार होती. गेल्या वर्षी झाली होती, त्याआधीही झाली होती, आणि ज्यांनी पाहिलं ते सांगताना कानाला हात लावत होते.

मी भूमला औषधांचं दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात खगोल मंडळ. दुकान लोकांना कळतं. मंडळ म्हटलं की गणपती कुठं बसवता म्हणून विचारतात. हिवाळ्यात आम्ही दुर्बिणीतून शनीची कडी दाखवतो, उन्हाळ्यात भरदुपारी सूर्याचा एक कार्यक्रम घेतो. दरसाल त्याची तारीख मी व्हॉट्सॲपवर धाडतो. येतं कोण? आमचेच सभासद, तेही चहा आहे का विचारून.

यंदा तो कार्यक्रम सोडून मी माळावर आलो, कारण इरम्मा. आमच्या गल्लीत शिलाई करते. तिची पोर शिवकांता बारावीला आहे. पोरीला फिट येतात. धाराशिवच्या डॉक्टरांनी गोळ्या लावल्या आणि फिट थांबल्या. मग महाराजांचा शिष्य सिद्धाराम सांगून गेला की सावली जाताना भक्ताचं दुखणंही घेऊन जाते, फक्त औषध आधी सोडावं लागतं. इरम्मानं गोळ्या बंद केल्या. उरलेलं पाकीट महाराजांच्या पायावर वाहायचं ठरलं. मी तिच्या घरी गेलो, हात जोडले, ओरडलोसुद्धा. ती म्हणाली, "काका, तुमचा तर गोळ्यांचाच धंदा." कप्पाळ माझं!

आणि त्या दिवशी सकाळीच पोर शेगडीपाशी कोसळली. भुवई फुटली. त्यावर सिद्धारामाचं उत्तर तयार होतं, दुखणं जाताना असाच शेवटचा हिसका देतं म्हणे. शेगडी पेटलेली असती तर? मला राग आवरत नव्हता.

महाराज छत्रीखालून चालत आले. सिद्धारामानं माइक धरला. छाया म्हणजे माया, ज्याची माया सुटली त्याची छायाही सुटली, असलं बरंच काही झालं. संसारी माणसाची सावली महाराजांवर पडली तर त्यांचं तप उतरतं, म्हणून कुणीही मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम सुटला. एवढं तप आणि सावलीनं उतरतं, असं कुणी विचारलं नाही. मग छत्री बाजूला झाली. खोटं कशाला बोलू, दृश्य झकास होतं. रखरखीत ऊन, मधोमध महाराज, आणि पुढं-मागं कुठंच सावली नाही. अख्खा मांडव जमिनीला डोकं टेकून मोकळा झाला.

सिद्धारामानं शिवकांताला एकटीला पाकीट घेऊन पुढं बोलावलं. तिनं पाकीट पायावर ठेवलं, नमस्कार केला, सरळ उभी राहिली, आणि आपल्याच पायाकडं बघत आईला म्हणाली,

"अव्वा, माझीबी सावली न्हाय."

मांडवात कुजबुज झाली. सिद्धाराम तयारीचा गडी. लगेच म्हणाला, "महाराजांची कृपा! हिचं दुखणं गेलं!"

पोरीनं मान वर केली. माळावर विजेचा खांब होता, तिकडं बोट दाखवून ती शांतपणे म्हणाली, "त्या खांबाचीबी न्हाय. त्याला कुठलं दुखणं हुतं?"

पहिल्यांदा एक म्हातारा हसला. मग माणसं मांडवातून बाहेर पडली, आणि ज्याला त्याला स्वतःच्या सावलीचा पत्ता लागेना. त्या गर्दीत महाराजांची छत्री पलीकडंच अडकली, त्यामुळं सावली परतायच्या आत त्यांना झाकायची सोय राहिली नाही. मी माइक ओढून घेतला आणि सांगितलं, की आपल्या भागात वर्षातून दोनदा दुपारचा सूर्य नेमका डोक्यावर येतो, तेव्हा सावली जात नाही, पायाखाली दडते. माणसाची, खांबाची, बकरीचीसुद्धा. दुसरा दिवस जुलैच्या अखेरीला असतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून महाराजांना साक्षात्कार फक्त उन्हाळ्यात होतो. तारीख माझ्याच मेसेजमधली होती. सिद्धाराम आमच्या ग्रुपमध्ये होता! आणि तुम्हाला मांडवात कोंडलं ते तपासाठी नव्हे, तुम्ही आपापल्या पायाकडं बघू नये म्हणून.

या वादावादीत बराच वेळ गेला. सूर्य जरा कलला आणि सगळ्यांच्या सावल्या पूर्वेला डोकावू लागल्या. महाराजांचीही आली, कुणाची परवानगी न विचारता.

इरम्मा गर्दीतून पुढं झाली. पोरीच्या भुवईवरची पट्टी तिनं एकदा नीट केली, मग महाराजांसमोर हात पसरला.

"महाराज, तुमची सावली तुमाला परत आली. माझ्या पोरीच्या गोळ्या मला परत द्या."

महाराजांनी पाकीट स्वतः वाकून उचलून दिलं. तिथंच पाणी मागवून तिनं पोरीला पहिली गोळी दिली, आणि मी दोघींना पुढच्या एसटीनं धाराशिवला डॉक्टरांकडं नेलं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. फिटचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, त्यात जीव जाऊ शकतो. आणि कुणी चमत्कार दाखवायला तुम्हाला मांडवात बसवलं, तर आधी उठून बाहेर उन्हात उभे राहा.