कंडक्टरबाईचा राग

मनःशांतीच्या शिबिरात मला एक मनुका दिली आणि ती पाच मिनिटं खायला सांगितलं. मी ती तोंडात टाकली, चावली आणि गिळली. शिबिर घेणाऱ्या बाई नागपूरच्या होत्या, मऊ आवाजाच्या. माझ्यापुढे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, घाई नको. ही दुसरी घ्या. आधी तिच्याकडे नीट बघा. तिच्या सुरकुत्या बघा." मी बघितल्या. मनात म्हटलं, बाई, घरात सासू आहे, तिच्या सुरकुत्या बघायला मला आजवर वेळ झाला नाही.

पण बोलले नाही. बोलायची सोयच नव्हती. मी एसटीत कंडक्टर आहे, देवरी ते चिचगड, आणि माझ्या तोंडाबद्दल आगारात तक्रारी गेल्या होत्या. शेवटची तक्रार बकारामची. चिचगडच्या अलीकडच्या एका गावात राहतो. गाडीच्या दारात लोंबकळत होता, आत हो म्हटलं की दात काढत होता. मग मी त्याला जे सुनावलं ते अख्ख्या गाडीने ऐकलं. साहेबांनी बोलावून घेतलं. "अंजू मॅडम, कामाला तुम्ही चोख आहात. पण आता आणखी एक तक्रार आली, तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल. आधी हे शिबिर करून या."

घरी बसणं मला परवडणारं नाही, आणि परवडलं असतं तरी मला बसायचं नाही. घरी कोणाची सून, कोणाची बायको. गाडीत मी दोरी ओढली की गाडी थांबते आणि दोनदा ओढली की निघते. एवढी एकच जागा आहे जिथे माझं कोणी ऐकतं.

म्हणून शिबिरात सांगितलं ते मी सगळं ऐकलं. राग आला की डोळे मिटा, छातीवर हात ठेवा, लांब श्वास घ्या. आणि स्वतःशी बोलताना जिवलग मैत्रिणीशी बोलल्यासारखं बोला. मी माझ्या मैत्रिणींशी काय भाषेत बोलते हे त्या बिचाऱ्या बाईंना माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी करून बघितलं. गाडी भरलेली, मधल्या वाटेत कोणीतरी कांद्याचं पोतं आडवं टाकलेलं, आणि पोत्याचा मालक कोण म्हटलं तर सगळे खिडकीबाहेर बघतात. मला राग आला. मी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला, श्वास ओढला.

"अगा भाऊ, गाडी थांबव! कंडक्टरबाईले चक्कर येऊन राहिली!" मागून एक जण ओरडला.

झालं. सुकरामभाऊंनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरने, करकचून ब्रेक मारला. एका म्हातारीने त्याच पोत्यातला कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. कोणी पदराने वारा घालू लागलं, कोणी पाण्याची बाटली तोंडाशी आणली. मी बाटली ढकलली. ड्यूटीवर मी पाणी पीतच नाही. का पीत नाही, हे बाईमाणसाला सांगायला नको आणि पुरुषमाणसाला विचारायचं सुचत नाही.

"घे ना व माय, दोन घोट तं घे. बीपी कमी झाली असन."

"काही नाई झालं मले!"

"मंग कायले डोळे लावून राहिली?"

"मी शांत होऊन राहिली!" मी गाडीचा पत्रा हादरेल अशी ओरडले. "शांत होऊ द्या ना मले!"

त्या रात्री स्वयंपाक झाल्यावर भांडी घासत मी स्वतःला बोलत बसले. रोजच बोलते. बयताड आहेस, अक्कल नाही, चार माणसांत तुझं हसं झालं, म्हातारी कांदा लावत होती तिलाही तू फिस्कारलीस. मैत्रिणीसारखं बोलायचं आठवलं तेव्हा भांडी संपली होती. मग तेही जमत नाही म्हणून आणखी दोन शिव्या घातल्या. रागावर राग यायला लागला की माणसाने कुठे जावं, हे काही त्या शिबिरात सांगितलं नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळची गाडी, सगळ्या बायाच बाया. कोणी माहेराहून परतणाऱ्या, कोणी माहेरी निघालेल्या. पुढच्या सीटवर इंद्रकुमारबाबू, चिचगडला कुठल्याशा ऑफिसात असतात, दर वळणाला घड्याळ बघतात. त्या दिवशी माझं पोट सकाळपासून दुखत होतं. कळ मी दाबून धरली होती, नेहमीसारखी. बकारामच्या गावाची शीव आली आणि गाडी थांबली. समोर मारबत.

पोळ्याला दारात पळसाच्या डहाळ्या रोवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपटायच्या, फरफटत शिवेबाहेर न्यायच्या, आणि नेताना घरातलं जे जे दुखणं असेल त्याचं नाव घेऊन ओरडायचं, म्हणजे मारबत ते घेऊन जाते. अख्खा रस्ता अडवून गाव चाललं होतं. सगळ्यांत पुढे बकाराम, खांद्यावर डहाळी.

"खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!"

"ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत!"

"सरका ना गा थोडे," मी दारातून म्हटलं. अगदी मऊ आवाजात म्हटलं. नागपूरच्या बाईंना अभिमान वाटला असता.

बकारामने वळून बघितलं. मला ओळखलं. दात काढले आणि डहाळी वर करून ओरडला, "कंडक्टरबाईचा राग घेऊन जा गे मारबत!"

गावाने ते उचललं. लहान-मोठे सगळे, दोनदा, तीनदा. गाडीतल्या बायाही हसायला लागल्या. सुकरामभाऊ स्टीअरिंगवर कपाळ टेकवून हसत होते, ते मला पाठीकडूनही कळलं.

श्वास नाही, छातीवर हात नाही. मी धाडकन खाली उतरले. तक्रार गेली खड्ड्यात, नोकरी गेली खड्ड्यात, याला आज सोडायचं नाही. "माझं नाव घेतं का रे मारबतीत? मी का ढेकूण हावो? तुझ्या घरी येऊन चावली का मी तुले?"

बकारामचे दात मिटले. मला वाटलं आता हा आगारात फोन लावणार. पण तो डहाळी खाली ठेवून गोंधळल्यासारखा उभा राहिला.

तेवढ्यात दुर्पताबाई पुढे आल्या. शिवेवरचं पहिलं घर त्यांचं, दर बाजाराला माझ्या गाडीने देवरीला येतात आणि दर वेळी माझी बोलणी खातात. "काऊन भडकून राहिली व बाई? शिवी नाई दिली त्यानं."

"मंग काय आरती केली?"

"मारबतीत दुसऱ्या गावचं दुखणं कोणी काढते का? ते त्यायचं त्यायनं काढाव. आमी आमच्या घरचंच काढतो. माह्या नातवाचा खोकला काढला, बकारामच्या बापाचे गुडघे काढले. तू रोज या रस्त्यानं येत-जात राहते. तुह्या रागाचं नाव घेतलं, तं तू घरचीच झाली ना."

रागाची इतक्या वर्षांत मी एवढी लाज धरली, त्याला इतक्या शिव्या घातल्या, आणि या माणसांनी तो खोकल्याच्या, गुडघ्यांच्या रांगेत बसवला होता. आलेला आहे, जाऊ दे, एवढंच. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

"आता सांग," दुर्पताबाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काय होऊन राहिलं तुले? तोंड पांढरं पडलं."

आणि मी सांगून टाकलं. इतकी वर्षं कोणाला नाही, नवऱ्याला नाही, साहेबांना नाही. "पोट दुखून राहिलं. सकाळपासून जाता नाई आलं. पाणी नाई पीत मी, तरी..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "माह्या घरी हाये ना संडास. चाल."

"गाडी उभी हाये."

"उभी राहीन. बैल हाये का ते, पळून जाईन?"

मी गेले. मी तिकिटाचं मशीन बकारामच्या हातात दिलं आणि गेले. नोकरीत असं कधी केलं नव्हतं. बाहेर आल्यावर दुर्पताबाईंनी तांब्या पुढे केला. मी सगळा प्यायले, मान वर करून, घशात आवाज होईपर्यंत. पाणी गार होतं. एकेक घोट खाली जाताना कळत होता. मनुकेच्या वेळी त्या बाईंना काय म्हणायचं होतं, ते तेव्हा थोडंसं लक्षात आलं.

गाडीशी परतले तर इंद्रकुमारबाबू पायरीवर उभे, घड्याळ माझ्या तोंडासमोर. "मॅडम, ये क्या तरीका है? एवढी पब्लिक थांबून राहिली. मी कम्प्लेंट करणार, बरं का. आजच करणार."

हीच ती आणखी एक तक्रार. सवयीने ओठावर आलं ते खोटंच होतं, मारबत आडवी आली होती, गाडी गरम झाली होती. कोणी खोटं म्हणालं नसतं, बकारामही नाही.

"करा," मी म्हटलं. आवाज चढवला नाही, मुद्दाम मऊही केला नाही. "पण कारण नीट लिवा. कंडक्टर लघवीले गेली होती. लघवी असंच लिवा. दुसरं काही लिवलं तं मी साहेबाले सांगीन का हे खोटं हाये."

इंद्रकुमारबाबूंचं घड्याळ खाली गेलं. मला वाटलं, संपलं, आता घरी बसायचं. मी बकारामकडून मशीन घेतलं, वर चढले आणि दोरीला हात घातला.

"थांब ना व बाई," मागच्या सीटवरून एक सून हळूच म्हणाली. मांडीवरचं पोर तिने शेजारणीकडे दिलं. "मले बी जाचं हाये."

तिच्या मागे आणखी एक उठली. मग खिडकीजवळची म्हातारी, गुडघे धरत. मग दोघी बहिणी, तोंडाला पदर लावून. एकेक करून गाडीतल्या बाया उतरायला लागल्या आणि दुर्पताबाईंच्या दारापर्यंत रांग लागली. मी दोरी सोडून दिली. सुकरामभाऊंनी इंजिन बंद केलं.