ओली लोकर आणि सोफसआजोबांचा मेंढा

आमच्या कंपनीचं नाव ओली लोकर. हसा खुशाल, हाइनीमामाही हसला होता. "पाटी वाचूनच वास येतो गं बिर्ना," म्हणाला. पण पाटी मी रंगवली होती, रंगही वाळला होता, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

कंपनी म्हणजे माझ्या आजोबांची होडी ठेवायची रिकामी खोप. आत संकलनाचं एक टेबल, एक शेगडी आणि आम्ही तिघं. आई कॅमेऱ्यावर, मामा आवाजावर आणि शाळा सुटल्यावर मी बाकी सगळ्यावर. आई आधी राजधानीतल्या टीव्हीत होती. लोकांनी काढून आणलेलं कापायचं आणि जोडायचं, वर्षानुवर्षं. वसंतात तिने नोकरी सोडली. "आता माझं मी काढणार आणि माझं मीच कापणार," म्हणाली. तिकडची तिची खुर्ची अजून रिकामीच आहे, हे तिला कुणी ना कुणी प्रेमाने कळवत असायचंच.

कोपनहेगनच्या एका वाहिनीवर डिट्टे नावाच्या बाई आहेत. आमच्या बेटांवरची मालिका त्यांना हवी होती, पण आधी नमुना दाखवा म्हणाल्या. डोंगरावरून मेंढरं खाली आणतात ना, ते. मध्ये कुणी बोलून समजावायचं नाही, नुसतं बघून कळलं पाहिजे. आवडलं तर मालिका. नाही आवडलं तर आई परत त्या खुर्चीत.

आता मेंढरं उतरतात शरदात. दिवस ठरवतात सोफसआजोबा, गावच्या कुरणाचे जुने कारभारी, सकाळी दारात उभं राहून, धुकं बघून. कुरणात ज्या घराचा वाटा, त्या घराने हात द्यायचे, म्हणजे माणसांच्या साखळीत उभं राहून हात पसरायचे. प्रत्येक घराची जागा ठरलेली. आमची ओढ्याजवळ, पणजोबांच्याही आधीपासून. आई सोफसआजोबांकडे गेली. या खेपेला आमच्या जागी मावसभाऊ उभा राहिला तर चालेल का, असं विचारलं.

"उभा राहू दे की," सोफसआजोबा म्हणाले. "पण मार्युन, कॅमेऱ्याला हात नसतात, एवढं लक्षात ठेव."

आम्हाला वाटलं, म्हातारा उगाच टोमणा मारतोय.

त्या दिवशी सगळं कसं छान चाललं होतं! कळप धुक्यातून दुधासारखा ओघळत खाली आला. मावसभाऊ आपल्या जागी, आम्ही त्याच्या शेजारी. आणि एक मेंढी ओढ्याकडे वळली. वळली तशी आईने कॅमेरा गवतात टाकला आणि हात पसरून धावली. मामाने माईकचा दांडा भिरकावला आणि तोही धावला. या दोघांना काय वेड लागलंय, असं मी ओरडणार होते. तेवढ्यात लक्षात आलं, की मी स्वतः गुडघाभर ओढ्यात उभी राहून "होऽऽ! होऽऽ!" करतेय.

मेंढी मागे फिरली. गावाने शाबासकी दिली.

खोपीत येऊन पाहिलं तर काय, थोडी मेंढरं, मग गवत, मग आईचा बूट, आणि मामाच्या शिव्या अगदी स्वच्छ, एकेक अक्षर.

"गवत मात्र सुरेख आलंय," मामा म्हणाला.

आई हसली नाही. तिने कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण बसवलं. "सोमवारी फोन करते मी. त्या खुर्चीसाठी."

"करायचा नाही!" मी म्हणाले. इतक्या मोठ्याने, की मीच दचकले. "शनिवारी मागे राहिलेल्या मेंढरांची फेरी आहे ना? कॅमेरा मी धरते. तुम्ही दोघं साखळीत उभे राहा, म्हणजे घराचे हातही दिले जातील."

"तूही ओढ्यात होतीस, बाई."

"होते ना! म्हणून तर कळलं, आपल्याला कशाशी झुंजायचंय ते. तुमच्या अंगात सवय आहे चाळीस वर्षांची. माझ्या अंगात पंधराच वर्षांची आहे, मोडेल."

मग काय, रोज शाळा सुटली की कुरणात सराव. मी कॅमेरा घेऊन बसायची आणि मामा बॅऽऽ करत माझ्या अंगावर धावून यायचा. शेजारणी कपडे वाळत घालायचं सोडून बघत बसायच्या. आधी माझे हात दरवेळी फडकन उघडायचे. गुरुवारी नाही उघडले. मामा माझ्यावरून धडपडला, चिखलात पडला, तरी मी त्याचंच चित्रण करत राहिले. "कृतघ्न कार्टी," तो खालून म्हणाला.

शनिवार उजाडला. आई आणि मामा ओढ्याजवळ, मी त्यांच्या खाली खिंडीच्या तोंडाशी गुडघे टेकून. कळप लहान होता, पण पुढे होता सोफसआजोबांचा काळा मेंढा. आजोबांच्या घरात नातवंडांचा एक फोटो आहे आणि या मेंढ्याचे तीन. त्याने आईला हूल दिली, मामाला चुकवलं आणि सरळ माझ्याकडे आला.

"बिर्ना! हात!" अख्खा डोंगर ओरडला. आईसुद्धा.

माझे हात फडकन उघडायला बघत होते. मी दात आवळून कॅमेरा घट्ट धरला. मेंढा चौकटीत मोठा होत गेला, होत गेला, मग डोळा, मग शिंग, मग नुसती लोकर. आणि माझ्या डोक्यावरून उडी! मी वळून त्याला टिपत राहिले, तो धुक्यात विरेपर्यंत.

सोफसआजोबा काठी टेकत आले.

"हात कुठे होते तुझे?"

"कॅमेऱ्यावर, आजोबा."

"मेंढा गेला."

"हो. शेवटपर्यंत दिसला मला."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. नंतर मटणाच्या रश्श्याला सगळे बसले तेव्हा माझ्याकडे कुणी भाकरी सरकवेना. शेवटी आजोबांनीच ताटली ढकलली. "खाऊन घे. बर्फ पडायच्या आत तो मेंढा खाली आला पाहिजे. आणायचा तुझ्या त्या ओल्या कंपनीने."

आईने नमुना कापला, जोडला, पाठवला. डिट्टेबाईंचा फोन आला तेव्हा मामाने शेगडीवरचं भांडंसुद्धा उतरवलं, खळखळ नको म्हणून. बाई म्हणाल्या, "तो मेंढा सापडला का?"

"अजून नाही," आई म्हणाली.

"मग पहिला भाग तिथूनच सुरू करा."

"पहिला म्हणजे?"

"सहांपैकी पहिला."

मी इतकी किंचाळले, की छपरावरचे सीगल उडाले.

दुसऱ्या दिवशी दोर खांद्यावर टाकून मी सोफसआजोबांच्या दारात हजर. "निघालो आम्ही डोंगरावर. मेंढा मी धरणार."

"आणि कॅमेरा?"

"आई."

"ती टाकेल गवतात."

"नाही टाकणार. तिचा सराव चाललाय."

आजोबांनी मान लांब करून कुरणाकडे पाहिलं. तिथे आई कॅमेरा धरून बसली होती आणि मामा बॅऽऽ करत तिच्यावर धावून चालला होता.