गंगव्वाचा ‘बा’

थंडीत आमच्या गल्लीत ऊन उशिरा येतं. आधी समोरच्या पत्र्याच्या कडेवर टेकतं, मग भिंतीवरून घसरत गंगव्वाच्या उंबऱ्यावर उतरतं. ते उतरलं की ती दारात येऊन बसायची, रिकाम्या सुपावर बोटांनी तीनदा थापटायची आणि माझ्या दाराकडं बघून म्हणायची, “बा.” एवढंच. मिटलेले ओठ उघडायचे आणि तो आवाज रस्ता ओलांडून माझ्या चुलीपाशी येऊन बसायचा.

मी कंधारकडची. आमच्याकडं बा म्हणजे बाप. माझ्या बानं मला चौथीनंतर शाळेतून काढलं, त्यामुळं तो शब्द माझ्या तोंडी कडूच होता. लग्न होऊन देगलूरला आले तेव्हा समोरची ही बाई दारातून तोच शब्द माझ्यावर फेकू लागली. सासू म्हणाली, “कानडी हाय ती. बा म्हंजी ये. बोलवायली तुला. सूप घे अन् बस तिच्यापाशी.” बसले, ती पन्नास वर्षं बसले. मोंढ्यातून डाळ आणायची, दोघींनी पाखडायची, खडे वेचायचे. बोलणं थोडंच. तिचं मराठी मोडकं, माझं तोंड फटकळ.

गल्लीत त्या शब्दाचे आणखीही धनी होते. कापडवाल्या गुजराथ्याची पोरं आईला बा म्हणायची. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले म्हातारे मास्तर काठी टेकत आमच्यापाशी थांबायचे. एकदा गंगव्वाला म्हणाले, “फारसी में बा बोले तो साथ. बा-अदब बोले तो अदब के साथ. और बेअदब बोले तो तुम्हारी बकरी, मेरी मेथी खा गई.”

गंगव्वा सूप न थांबवता म्हणाली, “बकरी बी बाच म्हंतीया मास्तर. तिला का नावं ठेवता?”

मास्तर हसत हसत खोकत पुढं गेले.

माझी नात नांदेडला भाषा शिकते. ती म्हणते, बाप हा शब्द संस्कृतातल्या ‘वप्ता’वरून, म्हणजे पेरणाऱ्यावरून आला असं काही जण मानतात, काही म्हणतात तो तान्ह्या पोरांच्या तोंडातलाच. कानडीतल्या बाचं कूळ तमिळ ‘वा’शी जुळतं, आणि मास्तरांचा बा पार इराणातून चालत आला. मी ऐकून घेतलं. इतक्या लांबलांबून निघालेली ही माणसं एका अक्षरात मुक्कामाला आली आणि कुणी कुणाला उठवलं नाही, एवढं मला कळलं.

माझा नवरा गेला तेव्हा बायका येऊन रडून गेल्या. गंगव्वा रडली नाही. भिंतीला टेकून, पायाचा अंगठा चोळत बसून राहिली. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या सकाळी समोरून सुपावर तीन थापा आल्या. “बा.” मी उठले. त्या दिवशी उठले नसते तर पुढं कधी उठले असते, सांगता येत नाही.

आमच्याकडं उंबऱ्यावर कुणी ‘जाते’ म्हणत नाही. निघणाऱ्यानं ‘येते’ म्हणायचं, राहणाऱ्यानं ‘ये’ म्हणायचं. कानडीतही तसंच आहे. गंगव्वा शेजारच्या दुकानात निघाली तरी “होगि बर्तिनी” म्हणायची, जाऊन येते. दोन वर्षांमागं ती मोरीत पडली, खुबा मोडला. लातूरला मास्तरकी करणारा तिचा मुलगा गाडी घेऊन आला. तिला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. तिनं खिडकीतून हात काढून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “होगि बर्तिनी.” त्या हाडांत परत येण्याइतकी ताकद उरली नव्हती हे मला दिसत होतं. खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हणाले, “जा आता. ऊन व्हायलं.”

तिनं मनगट सोडलं. चेहरा फिरवला नाही, फक्त डोळे खाली केले, डाळीत खडा दिसल्यावर करायची तसे. माझी सून कपाळाला हात लावून बघत राहिली. गाडी गेली.

मग थंडी गेली, दुसरी आली. तो ‘जा’ माझ्या घशात तुसासारखा अडकून राहिला. लातूर म्हणजे उदगीरला गाडी बदलायची, गुडघे हे असले. आज नको, उद्या बघू, असं करत राहिले. मग तिच्या मुलाचा फोन आला. “मावशी, आईला आता मराठी आठवत नाही. माणसंही नाहीत आठवत. दिवसभर दाराकडं बघून बा, बा करते. यायचं तर लवकर या.”

गेले. खिडकीपाशी खाट होती आणि खाटेवर चादरीच्या घडीएवढी गंगव्वा. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, कुणीतरी लावलेल्या, वाकड्या. मला बघून ती म्हणाली, “बा.” मला भरून आलं असतं, पण तेवढ्यात पडदा हलला आणि ती पडद्यालाही तेच म्हणाली. मग दूधवाल्याला. मी पदरानं तिचं कपाळ पुसलं, नवी विभूती घेऊन रेघा सरळ ओढल्या आणि दुपारपर्यंत तिचा हात धरून बसले. दोघी पाखडताना बसायचो तशाच.

निघताना उंबऱ्यावर थांबले. आता निघणारी मी होते. परत येणं होणार नाही हे मला माहीत होतं, तिच्या मुलालाही माहीत होतं. आयुष्यभर जे जमलं नाही ते तिथं केलं. म्हणाले, “येते गं गंगव्वा.”

तिनं माझ्याकडं बघितलं की माझ्यामागच्या उजेडाकडं, कोण जाणे. पण म्हणाली, “बा.”

पंधरवड्यात ती गेली. मातीला मी गेले नाही.

समोरचं दार आता बंद असतं. ऊन येतं, बंद दाराच्या उंबऱ्यावर थोडं थांबतं, सरकून जातं. कधी वाऱ्यानं कडी वाजते, आणि मी जमिनीवर एक हात टेकते, उठायला टेकतात तसा.