चाकांची गोगलगाय

डोळे मिटा बरं जरा, आणि आपल्या पायांत चाकांचे बूट आहेत असं समजा. लाल बूट, पिवळी चाकं. एका उंच छपरावरून तुम्ही सुटला आहात. खाली जिन्याचा कठडा, त्याच्यावरून सर्रकन घसरत थेट रस्त्यावर. मागे शिट्ट्या फुंकत पोलीस, कानात गाणं, समोर कोरी भिंत. हातात रंगाचा डबा. बटण दाबलं, फुस्स, की भिंतीवर हे एवढं मोठं चित्र. थांबायचं नाही. पुढची भिंत.

आता उघडा डोळे. हे सगळं चाललं होतं एका लहानशा खोलीत, टीव्हीच्या पडद्यावर. खेळत होती एक अकरा वर्षांची मुलगी. ती घटकाभरही एका जागी बसायची नाही, म्हणून घरात तिला खारू म्हणत. तिच्या मागे, कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून, तिचे बाबा बसले होते.

बाबांचं काम भिंती धुण्याचं. पुलाखाली, शाळेच्या कुंपणावर कुणी काही रंगवून ठेवलं की नगरपालिकेची गाडी त्यांना तिथं सोडायची. सोबत ब्रश, रसायनाचा कॅन आणि पाण्याचा पाइप. बावीस वर्षं हेच चाललं होतं. रसायनाने बोटांची कातडी सोलवटून निघायची, म्हणून रोज संध्याकाळी हे कोमट पाणी.

"यात भिंत पुसणारा कुठं दिसत नाही गं," बाबा म्हणाले.

"पुसणारा नसतोच. परत खेळायला घेतलं की भिंत आपोआप कोरी."

"अरे वा. म्हणजे माझी नोकरी गेली म्हणायची."

खारू हसली. त्या खेळात आपली स्वतःची खूण तयार करता यायची. तिने केली होती गोगलगाय, शंखाखाली चार चाकं लावलेली. "एक डोळा मिटव तिचा," बाबांनीच सुचवलं होतं. "एवढ्या वाऱ्यात धूळ जात असेल बिचारीच्या डोळ्यात." खारूने मिटवला, आणि गोगलगाय दोघांची झाली.

पुढच्या बुधवारी सकाळी गाडीने बाबांना वाचनालयापाशी सोडलं. ते मागच्या बाजूला गेले आणि जागच्या जागी थांबले.

भिंतीवर गोगलगाय होती. मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर. रेघा थरथरलेल्या, हिरवा रंग ओघळून पार जमिनीपर्यंत आलेला. पण चाकं चार होती, आणि एक डोळा मिटलेला.

डबा कुठून आला असेल तेही त्यांना लगेच उमगलं. लोक अर्धेमुर्धे डबे टाकून जातात. ते पोत्यात भरून बाबा कचेरीत जमा करत. सोमवारी उशीर झाला म्हणून पोतं घरी आलं होतं.

कामाचा नियम असा, की आधी फोटो आणि मग पाणी. फोटोवरून कचेरीतली माणसं खुणा ताडून बघायची, कोण पुन्हा पुन्हा काढतंय ते त्यातून कळायचं. बाबांनी फोन काढून गोगलगायीसमोर धरला. थोडा वेळ तसाच धरला. मग खिशात ठेवून दिला.

भिंत उघड्या दगडाची. गिलाव्याच्या भिंतीवर रंगाचा दुसरा हात मारून झाकता येतं, दगड मात्र रंग पिऊन बसतो. अशी भिंत तळापासून वर भिजवत न्यायची. वरून सुरुवात केली तर मळके ओघळ कोरड्या दगडावर सुकतात आणि कायमचे राहतात. नवीन माणसांना बाबा हे दहा दहा वेळा सांगायचे. आज त्यांनी थेट डोळ्यापासून घासायला घेतलं. तो डोळा आधी जायला हवा होता.

तासाभराने मुकादम आला. त्याच्यामागून वाचनालयाचा वॉचमन, टोपी हातात धरून. बाबांच्याच वयाचा, एका पायाने किंचित लंगडणारा.

"फोटो द्या पाठवून," मुकादम म्हणाला.

"राहिला काढायचा."

"तुमचा राहिला? म्हातारे झालात काका. आणि हे ओघळ कसले? हे तर नवशिक्याच्या हातून होतं."

वॉचमन पुढे आला. "साहेब, मी झोपलो नव्हतो हो. काल संध्याकाळी बाटली भरायला आत गेलो, पाच मिनिटं. ग्रंथपालबाई म्हणतात, झोपलास. शनिवारपासून येऊ नको म्हणाल्यात."

"फोटो असता तर खुणेवरून काढणारा शोधून त्यालाच विचारलं असतं, तुम्ही झोपला होतात की नाही. आता काय, दगडाला विचारू?"

वॉचमनने बाबांकडे पाहिलं. "तुम्ही तर बघितलं असेल ना दादा? काय होतं?"

बाबा पाइप गुंडाळत होते. "काही कळण्यासारखं नव्हतं," ते म्हणाले. "नुसते फराटे."

"जाऊ द्या. तुम्ही तरी काय करणार," वॉचमन म्हणाला, आणि त्याने आपली बाटली पुढे केली. "पाणी घ्या. उन्हात घासताय केव्हाचे."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. बाबा प्यायले.

त्या संध्याकाळी त्यांनी हात पाण्यात बुडवले नाहीत. टीव्हीवर लाल बूट छपरांवरून धावत होते.

"आज वाचनालयाची भिंत धुतली," ते म्हणाले.

खारूने खेळ थांबवला नाही, पण बूट एका भिंतीवर आपटून तिथेच पडले. मग तिने विचारलं, "सगळं गेलं?"

"दगड आहे. थोडं राहणारच."

"बटण सोडलं की थांबेल असं वाटलं मला. ते खाली खालीच येत राहिलं." तिचा आवाज बारीक झाला. "मारणार आहात का?"

"नाही."

"मग ओरडा तरी."

"कुठल्या तोंडाने ओरडू?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. खिशात ठेवलेला फोन, फराटे, बाटलीतलं पाणी. "दिवसभर मनाला सांगत होतो, पोरीला वाचवलं. खोटं आहे ते. भिंती पुसणाऱ्याची पोर भिंती रंगवते, असं लोक म्हणतील, याची लाज वाटली मला. वाचवलं ते मी स्वतःला. आणि त्या माणसाची भाकरी काढून घेतली."

खारू खाली बघत राहिली. तिचे कान लालबुंद झाले होते. वॉचमनकाका तिला ठाऊक होते. ती पुस्तक बदलायला गेली की ते तिचं दप्तर सांभाळायचे. ते बाटली घेऊन आत वळल्यावरच तिने डबा काढला होता.

"उद्या मी बाईंना सांगून येतो," बाबा म्हणाले. "तू शाळेत जा."

सकाळी बाबा दार ओढून निघाले तर ती जिन्यात बसलेली होती, बूट घालून. रस्ताभर तिने बाबांचा हात धरला होता.

फाटकात वॉचमन उभा होता. "काय दादा, आज पुन्हा इकडेच? आणि ही तुमची मुलगी? मला माहीतच नव्हतं. फार वाचते हो." बाबा मान खाली घालून आत गेले.

ग्रंथपालबाई टेबलाशी कार्डं लावत होत्या. बाबा समोर उभे राहिले, घसा खाकरला.

"बाई, तुमच्या भिंतीबद्दल बोलायचं होतं. काल मी मुकादमाला जे सांगितलं..."

"थांबा ना बाबा," खारू म्हणाली.

तिने त्यांचा हात सोडला आणि वळून बाहेर पळाली. बाबांना वाटलं, गेली. घाबरली बिचारी. बाई चष्म्यावरून दाराकडे बघत राहिल्या.

खारू परत आली तेव्हा वॉचमनला हाताला धरून आणत होती. त्याच्या लंगडत्या पावलाबरोबर हळूहळू चालत. भिंतीकडची खुर्ची तिने ओढून टेबलापुढे ठेवली. "तुम्ही बसा आधी," ती त्याला म्हणाली. तो बाईंसमोर बसायला तयार होईना, तर ती खुर्ची धरून तशीच उभी राहिली. शेवटी तो अवघडून टेकला.

मग ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि बोलायला लागली.