पाहुण्याचं नाव आधी

वहीतल्या रेणूच्या आकृतीतले कार्बन आईनं पुन्हा क्लोरीनपासूनच मोजायला सुरुवात केली, तशी लेकीनं तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"त्या क्लोरीनला सोड ना, आई! किती वेळा सांगू?"

"अगं, पण तोच पहिला दिसतोय. हा काय, डाव्या टोकाला बसलाय."

"बसू दे. तो सबस्टिट्यूअंट, नुसता चिकटलेला. पाहुणा समज. उजवीकडचा हा ओएच म्हणजे क्रियात्मक गट, घरचा कर्ता. कार्बनला अंक द्यायचे ते त्याच्या जवळच्या टोकाकडून. संयुगाच्या नावाच्या शेवटी 'ऑल' येतं तेही त्याच्यामुळेच."

"मग नाव घेताना 'क्लोरो' आधी का? कर्ता राहिला बाजूला आणि पाहुण्याचं नाव आधी?"

लेकीनं कपाळाला हात लावला. प्रश्न अगदीच खुळा नव्हता, याचाच तिला जास्त राग आला. रसायनशास्त्राचा पेपर उद्यावर आला होता आणि आई याच विषयात दोनदा आपटली होती. औषधाच्या दुकानात ती वर्षानुवर्षं काउंटर सांभाळत होती. पण या खेपेला पदविका मिळाली नाही तर काउंटरवर दुसरं कुणीतरी येईल आणि तिनं मागं बसून खोकी फोडायची, असं मालकानं स्पष्ट सांगून टाकलं होतं. घरी येऊन आईनं ते हसत हसत सांगितलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी आपटली.

"नियम आहे तसा. पाठ कर," लेक म्हणाली आणि तिनं पेन्सिल परत दिली.

आईनं मान डोलावली. जीभ दातांत धरून तिनं लिहिलं, १-क्लोरोब्युटॅन-३-ऑल, आणि मोठ्या आशेनं वर पाहिलं. पुन्हा क्लोरीनकडूनच मोजलं होतं. लेकीचं डोकंच फिरलं.

"लक्ष कुठे असतं गं तुझं? नुसती नंदीबैलासारखी मान हलवतेस!"

आईनं पेन्सिल खाली ठेवली. ती रागावली मात्र नाही.

"पुढचंही म्हणून टाक," ती हळूच म्हणाली.

पुढचं लेकीला तोंडपाठ होतं. तिसरीत असताना, याच टेबलाशी, भागाकार चुकला की आई आधी नंदीबैल काढायची आणि मग म्हणायची, तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही. ते वाक्य आत्ता जिभेच्या टोकावर होतं, थेट आईच्या सुरात. लेकीला स्वतःचीच भीती वाटली. आईलाही ते सगळं आठवतं, हे तिला आजच कळत होतं.

तिनं खुर्ची ओढून आईच्या शेजारी घेतली.

"नाही म्हणणार," ती म्हणाली. "चल, परत पहिल्यापासून. अंक कुणाकडे बघून द्यायचे? बोट ठेव."

आईनं बराच विचार केला आणि बोट ठेवलं. क्लोरीनवर.

लेकीनं एक मोठा श्वास घेतला.

"बरं," ती म्हणाली. "आता जरा उजवीकडे सरक."