अभ्यासाचं रक्त

आमच्या दाओनला सातवं लागलं तरी उभं राहायचा कंटाळा. शाळेतून आली की दप्तरासकट जमिनीवर आडवी. माझी आई, म्हणजे तिची आजी, म्हणायची, "ही पोरगी आहे की वाळत घातलेला मासा?" ओठ जांभळट दिसायचे, पण बंदरावरच्या पोरांचे ओठ वाऱ्याने तसेच होतात, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. गावातल्या दवाखान्यात तिला आधी पलंगावर निजवायचे, मग बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघायचे. निजलेली असताना आकडा बरा यायचा आणि आम्ही घरी यायचो.

बुसानच्या मोठ्या इस्पितळात डॉ. थाक नावाच्या बाईंनी चिमटा तसाच ठेवून तिला उभं केलं. आकडा जिना उतरावा तसा खाली आला. पोरगी पुन्हा आडवी झाली आणि तो चढला. माझी भावजय मिरान, दाओनची आई, भिंतीला टेकली.

फुफ्फुसाच्या तळाशी दोन रक्तवाहिन्या जन्मापासूनच एकमेकींना थेट जोडलेल्या निघाल्या. "रक्ताने इथे थांबून हवा घ्यायची असते," डॉक्टर म्हणाल्या, "हिचं रक्त आडवाटेने निसटतं. उभी राहिली की आणखी जास्त." मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून ती वाट बुजवायची. छाती उघडायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचीच वेळ मिळाली.

संध्याकाळी त्या पुन्हा आल्या. "एक विचारायचं राहिलं. घरात कुणाच्या नाकातून वरचेवर रक्त येतं?"

"नाही," माझा धाकटा भाऊ ग्योंगू, दाओनचा बाप, म्हणाला.

"छे," आई म्हणाली. "आमच्याकडे असले आजार नाहीत."

दोघंही खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे नाकातलं रक्त हा आजार नसतोच, ती मेहनतीची पावती असते. म्हणजे मुलग्यांच्या बाबतीत. ग्योंगूच्या नाकातून आलं ते अभ्यासाचं रक्त, माझ्या नाकातून आलं ते धुण्याचं.

"नीट आठवा," डॉक्टर म्हणाल्या. "हे घराण्यातून आलेलं असेल तर मेंदूतही अशी जोडणी असू शकते. उद्या रक्त गोठू नये म्हणून आम्ही औषध देणार आहोत. मेंदूत काही असेल तर तेच औषध..." दाओन ऐकत होती, म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"नाही म्हटलं ना," आई म्हणाली.

"माझ्या येतं," मी म्हणाले.

"ती नाक कोरते!" आईने मला पुढे बोलूच दिलं नाही. "लहानपणापासून. उशीच्या खोळी घासून घासून माझे हात गेले."

"तुम्हाला रक्तदाब आहे का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

आहे. तसं सांगितलं, आणि माझं नाक बाद झालं. त्यांनी पेन खिशाला लावलं, दाओनच्या गालाला हात लावला आणि दाराकडे वळल्या. ग्योंगूकडे पाहिलं तर तो पोरीचे मोजे सारखे करत होता. याला सरळ विचारलं तर हा आईच्या तोंडाकडे बघणार. पण आईला मी पन्नास वर्षं ओळखते.

"आई," मी म्हणाले, "ग्योंगूच्या परीक्षेच्या वर्षाची गोष्ट सांग ना डॉक्टरीणबाईंना."

"आत्ता?" असं म्हणाली खरी, पण चेहरा खुलला होता. "अहो डॉक्टर, असा अभ्यास करायचा हा पोरगा! नाक फुटायचं. वहीवर टपटप रक्त, पुसायचा नि पुढचं गणित. अख्ख्या मासळीबाजाराला ठाऊक आहे. शेजारीण आपल्या मुलाला म्हणायची, मेल्या, त्याचं नाक बघ आणि तुझं बघ!"

"आई, पुरे," ग्योंगू लाजला.

डॉक्टर परत येऊन पलंगाच्या कडेला टेकल्या. "परीक्षेनंतर थांबलं?"

"नाही, म्हणजे... गोदीत काम फार असतं. महिन्यातून पाच-सहा वेळा. पण ते काय, सगळ्यांनाच येतं."

"सगळ्यांना नाही येत हो," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमचे वडील?"

"ते तर फारच कष्टाळू," आई म्हणाली. "जाळी ओढता ओढता रक्त यायचं. शेवटी जाळ्यावरच गेले, डोक्यातलं काहीतरी फु..." आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

सकाळची वेळ रद्द झाली. दाओनला मेंदूच्या तपासणीसाठी त्या धडधडणाऱ्या यंत्रात घातलं. बाहेर आईने एक संत्रं सोललं आणि एकही फोड न खाता त्याचा चोथा करून टाकला. तासाभराने डॉ. थाक आल्या. त्यांचा चेहरा पाहून मिरानने माझं मनगट पकडलं.

डोक्याच्या मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांची तशीच गुंतलेली गाठ होती. लहान, गप्प बसलेली.

पुढचे दिवस मेंदूवाले आणि फुफ्फुसवाले एकमेकांशी तावातावाने बोलत होते. अखेर ठरलं की गाठीला तूर्त हात लावायचा नाही, फुफ्फुसाची वाट बुजवायची, औषध अगदी बेताचं द्यायचं, आणि मेंदूवाले शेजारी तयार. दाओनला आत नेऊन दार बंद झाल्यावर मिरान म्हणाली, "वन्सं, काहीतरी बोला ना." मी दाओनच्या मोज्यांची घडी करून तिच्या हातात दिली.

दार उघडलं तेव्हा दाओन हाक मारल्यावर डोळे उघडत होती. डॉक्टरांनी आधी तिचे हात-पाय हलवून घेतले, नाव विचारलं. "दाओन," ती चिडून म्हणाली, "भूक लागलीये."

दुसऱ्या दिवशी चिमटा लावून तिला उभं केलं. आकडा थोडा हलला आणि तिथेच राहिला. आम्ही सगळे वाट बघत उभे. "आजी, मी बसू का आता?" पोरगी म्हणाली.

"अजिबात नाही!" आई ओरडली आणि रडायला लागली.

आता ग्योंगूची तपासणी झाली आहे, माझी पुढच्या आठवड्यात आहे. शेजारच्या पलंगावरच्या बाईने आईला विचारलं, हे आलं कुठून?

"ह्यांच्या घराण्यातून, माझ्याकडून नाही," आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून आवाज चढवला, "पोराचं तर काहीच नाही हो. ही माझी मोठी मुलगी, हिच्या नाकातून याच्या दुप्पट यायचं!"

मी पाणी आणायला म्हणून उठले.